कच्ची टीप

दाभण मेणबत्तीवर धरलं होतं. टोक आधी काळं पडलं, मग लालसर झालं, आणि मी टेबलावरच्या रणगाड्याकडे वळले. हिशेब आधीच करून ठेवला होता. समोरून आलेल्या पाकिस्तानी पॅटन रणगाड्याची तोफ ९० मिलिमीटरची, माझं मॉडेल १/३५ प्रमाणातलं, म्हणजे भोक अडीच मिलिमीटरच्या आसपास यायला हवं. आजोबांच्या शिंपीकामाच्या दुकानातलं जाड कापडाचं दाभण बरोबर तेवढं. जागा ठरवून पेन्सिलीनं बारीक ठिपकाही दिला होता. वाया गेलेल्या प्लास्टिकच्या तुकड्यावर चार भोकं पाडून हात बसवून घेतला होता. तरी ऐन वेळी हात पुढे गेला नाही. दाभण निवलं. पुन्हा तापवलं, पुन्हा निवलं. तिसऱ्या खेपेला खुर्चीत बसलेल्या अण्णांनी, माझ्या वडिलांनी, विचारलं, "काय गं, झालं का?" मी म्हटलं, "नाही, उद्या बघू," आणि मेणबत्ती फुंकली.

त्याला आता तीन आठवडे झाले.

हे खोकं मी घेतलं गेल्या दिवाळीच्या आधी. आई गेल्यावर अण्णांना पुण्याला आणलं, त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. संध्याकाळी आम्ही दोघं एका खोलीत बसायचो आणि बोलायला काही नसायचं. दुकानात भाचीसाठी खेळणं शोधताना वरच्या फळीवर तामियाचं खोकं दिसलं, वर रणगाड्याचं चित्र आणि नाव, सेंच्युरियन. तो शब्द वाचल्याबरोबर मला नगरची दुपार आठवली. (शहराचं नाव आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात अजून नगरच येतं.) मी आयुष्यात कधी मॉडेल जोडलं नव्हतं. घरी येऊन झाकण उघडलं तर आत हिरवट प्लास्टिकच्या चौकटी, त्यांना स्प्रू म्हणतात हे नंतर कळलं, आणि प्रत्येक चौकटीला आंब्याच्या डहाळीला कैऱ्या लागाव्यात तसे लटकलेले शेकडो भाग. नव्या रेनकोटसारखा वास. अण्णांनी एक चौकट उजेडाकडे धरली, फिरवून पाहिली आणि म्हणाले, "हे तर सगळं बेतूनच दिलंय. आपण फक्त शिवायचं."

आमचं घर नगरला लागूनच, भिंगारला. तिथं वाढलेल्या कुणालाही लष्कराच्या के. के. रेंजच्या फायरिंगबद्दल सांगावं लागत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी सगळं चिडीचूप असताना लांबून एक 'धम्म' यायचा. कानाआधी तो छातीला कळायचा. मग खिडकीच्या काचा थरथरायच्या, फळीवरची पितळेची भांडी एकमेकांना लागून किणकिणायची, आणि आजी पापड लाटता लाटता, मान वर न करता म्हणायची, "सुरू झालं यांचं." बाहेरगावचे पाहुणे दचकायचे. आम्ही पोरं आवाज मोजत बसायचो. तो आवाज म्हणजे आमच्यासाठी दुपारचे तीन वाजल्याची खूण होती. कुठेतरी, कधीतरी, हाच आवाज माणसांच्या दिशेनं जातो हे डोक्यात आलंच नाही. १९९४ साली रणगाडा संग्रहालय सुरू झालं आणि पुढच्या वर्षी शाळेची सहल तिथं गेली, तेव्हाही नाही आलं. तिथली रोल्स रॉइसची चिलखती गाडी, जपानी छोटे रणगाडे, आपण जिंकून आणलेला पॅटन, सगळं उघड्यावर उन्हात उभं. मी सेंच्युरियनच्या ट्रॅकवर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. तळहातावर तांबूस धूळ लागली होती. तेवढंच आठवतं. खरा सेंच्युरियन ५० टनांच्या वर जातो, त्याची पोलादी कड माझ्या डोक्याच्याही वर होती, आणि माझं सगळं लक्ष पोळलेल्या तळहाताकडे.

आता तोच रणगाडा माझ्यासमोर एक वीत लांबीचा होता. तोफेच्या नळीचं तोंड बाजरीच्या दाण्याएवढं. माणूस असता तर तो पाच सेंटीमीटरचा झाला असता, माझ्या अंगठ्यापेक्षा थोडासाच मोठा. या १/३५ आकड्याचीही गोष्ट आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीनं पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं. ते मोटरवर चालायचं, त्यामुळे बॅटऱ्या आणि गिअरबॉक्स आत मावतील एवढा आकार धरला. मागाहून मोजलं तर ते मूळ रणगाड्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्शाचं भरलं. मग पुढचे रणगाडेही त्याच मापाचे निघत गेले, आणि आज जगभर हेच प्रमाण चालतं. हे अण्णांना सांगितलं तर ते खूश झाले. "कापड होतं तेवढ्यात बेत बसवला म्हणायचा," ते म्हणाले. त्यांनी पन्नास वर्षं दुसरं काही केलेलं नाही.

चाकांवर आमचे दोन महिने गेले. सेंच्युरियनला एका बाजूला सहा चाकं, प्रत्येक चाक जोडीचं, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चोवीस तबकड्या. प्रत्येक तबकडी कटरनं चौकटीतून सोडवायची, जिथं जोडलेली होती तिथला खोंब सुरीनं छाटायचा आणि मग कडेनं काचपेपर फिरवायचा. साच्याचे दोन अर्धे जिथं भेटतात तिथं प्रत्येक भागावर केसाएवढी रेघ उमटलेली असते. मला ती दिसतच नव्हती. अण्णांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, वाचायला भिंग लागतं, पण त्यांनी चाक बोटांत धरून नखानं एक फेरी मारली आणि म्हणाले, "इथं शिवण राहिलीय." त्या दिवसापासून आमच्या घरात त्या रेघेचं नाव शिवणच पडलं. मी घासायची, त्यांच्या हातात द्यायची, ते डोळे मिटून नख फिरवायचे. "अजून आहे." परत. "आता गेली." तोफेच्या नळीवरची शिवण सगळ्यांत चिवट. ती काढताना नळीची गोलाई मोडू द्यायची नसते, म्हणून काचपेपरची पट्टी नळीभोवती गुंडाळून चाकूला धार लावणाऱ्याच्या चाकावरच्या पट्ट्यासारखी मागेपुढे ओढायची. पांढरा भुगा माझ्या ओढणीवर, त्यांच्या धोतरावर, चहाच्या कपात.

आणि कच्ची टीप. या जोडकामाचा सिमेंट म्हणजे डिंक नव्हे. तो दोन्ही बाजूंचं प्लास्टिक विरघळवून एक करतो. एकदा बसलं की बसलं. मी पहिल्याच आठवड्यात एक भाग उलटा चिकटवला आणि काढताना त्याची कड तुटली. अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर त्यांनी पुढचे चार भाग चिकटपट्टीच्या बारीक तुकड्यांनी नुसते जागच्या जागी अडकवून ठेवले होते. "आधी कच्ची टीप घालावी पोरी. अंगावर चढवून बघावं. मग मशीन मारावी." त्यानंतर सिमेंटची बाटली मी त्यांना विचारल्याशिवाय उघडली नाही.

खोक्यातला सेंच्युरियन ब्रिटिश, मार्क ३. त्याच्या सोबत ब्रिटिश चिन्हं दिलेली. मला तो आपला करायचा होता. आपल्या सैन्याकडचे मार्क ७ होते, जाणकाराला फरक कळेल, पण पहिल्या कामाला मी तेवढी सूट घेतली. आपला म्हणजे कुठला, हा प्रश्न मला पडलाच नाही. नगरच्या पोरीला सेंच्युरियन म्हटलं की पूना हॉर्स रेजिमेंट आठवणार. १९६५ ला तारापोर, १९७१ ला खेत्रपाल. एकाच रेजिमेंटचे दोन परमवीरचक्र आणि दोन्ही सेंच्युरियनमधून. अरुण खेत्रपालांच्या रणगाड्याचं नाव होतं फामागुस्ता. तो रणगाडा नीट करून नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये ठेवलेला आहे, आमच्या भिंगारच्या घरापासून सायकलच्या अंतरावर.

नाव मला हातानं लिहायचं होतं. रोमन लिपीतली नऊ अक्षरं, एकेक अक्षर दोन मिलिमीटरहून लहान. तीन शून्यवाला ब्रश, दुधाइतका पातळ केलेला रंग, आणि श्वास सोडल्यावर पुढचा घ्यायच्या आतला तेवढाच वेळ. डावीकडून लिहायला घेतलं की शेवटचा ए काठावरून घसरायचा. तीन वेळा ओल्या कापसानं पुसलं. अण्णा सैनिकांच्या छातीवरच्या नावाच्या पट्ट्या वर्षानुवर्षं करत आलेले. ते म्हणाले, "अक्षरं मोज. नऊ ना? मग पाचवं आधी लिही. ते बरोबर मध्ये बसव आणि दोन्हीकडे चालत जा." पाचवं अक्षर जी. तो मध्यावर बसला आणि बाकीची आठ त्याच्या दोन्ही बाजूंना आपोआप रांगेत उभी राहिली. लिहून झालं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. माझी मान आखडली होती, आणि मला इतका आनंद झाला होता की झोप येईना. उठून दोनदा दिवा लावून बघितलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना अण्णांनी ती गोष्ट सांगितली. मी चाळीस वर्षांत ती ऐकली नव्हती. १९७१ साली ते चौदा वर्षांचे, शाळा सुटल्यावर आजोबांच्या दुकानात काज-बटणं करायचे. नगरला तरुण अधिकाऱ्यांचा कोर्स चालतो. नुकतं कमिशन मिळालेली वीस-एकवीस वर्षांची पोरं यायची, हौसेनं कपडे शिवायला टाकायची. आजोबांची मापाची वही होती. खांदा, छाती, कंबर, बाही, आणि कडेला एखादी खूण: 'उजवा खांदा उतरता', 'घाईत असतो'. त्या वर्षी थंडी सुरू व्हायच्या सुमाराला कोर्स मध्येच थांबवून सगळ्यांना आपापल्या रेजिमेंटला धाडलं. दुकानात तीन कपडे तसेच राहिले. त्यांतला एक गडद निळा, बंद गळ्याचा, मेसमध्ये घालतात तो. कच्ची टीप घालून ट्रायल झालेली होती, पक्की शिलाई बाकी होती. आजोबांनी युद्ध चालू असताना ते तिन्ही पुरे केले. ब्लॅकआउटमुळे खिडकीला काळा कागद लावून कंदिलावर. दोघे जण पुढच्या वर्षी स्वतः येऊन आपापले कपडे घेऊन गेले. निळा कोट न्यायला दुसराच एक अधिकारी आला. पावती त्याच्याजवळ होती. आजोबांनी काही विचारलं नाही आणि तोही काही बोलला नाही. आजोबांनी कोट झटकून पुन्हा एकदा इस्त्री केला, कागदात गुंडाळून दिला, आणि शिलाई घेतली नाही. "मी तेव्हा काज करत होतो," अण्णा म्हणाले, "त्या कोटाची काजं माझ्या हातची होती." मग त्यांनी ताटातला भात कालवला आणि आम्ही जेवण पुरं केलं.

कोट कुणाचा, ते मी विचारलं नाही. पण त्या रात्री खेत्रपालांबद्दल जे जे वाचलं होतं ते वेगळं ऐकू यायला लागलं. तेही त्याच सुमाराला नगरलाच कोर्सला होते आणि तिथूनच परत बोलावले गेले. वाटेत दिल्लीला घरी थांबले तेव्हा सामानात गोल्फच्या काठ्या होत्या आणि निळा मेसचा पोशाख होता. लाहोरला गोल्फ खेळायचं आणि जिंकल्यावरच्या मेजवानीला तो पोशाख घालायचा, असं आईला सांगून गेले. १३ जून १९७१ ला कमिशन, १६ डिसेंबरला बसंतर नदीच्या काठी शेवट. मध्ये सहा महिने. रणगाडा पेटला होता, सोडून बाहेर या असा वायरलेसवर हुकूम आला, आणि तोफ अजून चालतेय म्हणून त्यांनी नाही म्हटलं. हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण आधी ती वीराची गोष्ट होती. आता ती मापाच्या वहीतल्या पोराची झाली, ज्याचा एखादा खांदा थोडा उतरता असेल.

आणि माझ्या हातात दाभण होतं.

मॉडेल करणाऱ्यांत एक शिस्त असते आणि ती मला मनापासून पटते. जे होतं ते दाखवा. चकचकीत, नुकता कारखान्यातून निघालेला रणगाडा ही थाप असते. कडा झिजलेल्या असाव्यात, एक्झॉस्टजवळ काजळी असावी, जिथं चार जण रोज चढतात-उतरतात तिथला रंग बुटांनी उडालेला असावा. मी भांडी घासायच्या स्पंजचा कपचा काढून गडद रंगात बुडवला, जवळजवळ सगळा रंग कागदावर टिपला आणि झाकणांच्या कडांना हलके हलके टेकवत गेले, तेव्हा प्लास्टिकचं लोखंड झाल्यासारखं वाटलं. मग याच शिस्तीनं पुढे जायचं तर गोळा लागलेली जागाही दाखवायला हवी. ती टाळणं म्हणजे शेवटचं पान फाडून गोष्ट सांगणं. हे सगळं मी स्वतःला समजावलं होतं. म्हणूनच अडीच मिलिमीटरचा हिशेब केला होता. पण दाभण तापवून धरल्यावर कळलं की झीज दाखवताना माझा हात रणगाड्यातल्या माणसांच्या बाजूनं चालत होता. त्यांचे बूट, त्यांची घाई, त्यांचे दिवस. भोक पाडताना मला समोरच्या पॅटनमध्ये जाऊन बसावं लागणार होतं.

तिथं जो बसला होता त्याचंही नाव आपल्याला माहीत आहे. २००१ साली अरुणचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, एक्क्याऐंशीव्या वर्षी फाळणीआधीचं आपलं सरगोध्याचं घर बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरला ज्यांच्याकडे उतरले त्या ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी त्यांचं सगळं आपलेपणानं केलं आणि निघायच्या आधी सांगितलं की १६ डिसेंबरला समोर मीच होतो, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. तीस वर्षं एका माणसानं ते जवळ बाळगलं होतं आणि ज्याला सांगायचं त्यालाच सांगितलं. तो प्रसंग वाचताना मी दर वेळी वडिलांच्या जागी जाऊन बसत असे. त्या संध्याकाळी पहिल्यांदा नासेर यांच्या हाताचा विचार मनात आला. लढाईत, स्वतःवर गोळे येत असताना चाललेला हात. मला तर घाईही नव्हती, भीतीही नव्हती. मी पंख्याखाली बसून, पेन्सिलीनं ठिपका देऊन ते करणार होते, तेही दिसायला चांगलं दिसावं म्हणून.

म्हणून मी ठरवलं की हा रणगाडा त्या दिवशी सकाळचा ठेवायचा. नदी ओलांडून, सुरुंग पुरते काढून व्हायची वाट न बघता रेजिमेंट पुढे गेली तेव्हाचा. ठिपका पुसला. त्यानं मला पूर्ण समाधान मिळालं असं नाही. अजूनही वाटतं की शेवटापाशी येऊन मी मागे फिरले. जे मॉडेल करणारे जळके, फुटलेले रणगाडे करतात त्यांच्यात मला कधी क्रूरपणा दिसलेला नाही. उलट काही काम असं पाहिलंय की बघणारा गप्प होतो. ते करायला हात वेगळा लागतो, की वय, की अंतर, ते पुढच्या रणगाड्याला कळेल.

धूळ तेवढी राहिली होती. नगरची माती काळी, ती चालणार नव्हती. तिकडची पंजाबची गाळाची, फिकी, पिठासारखी. दोन-तीन रंग कालवून पाहिले, एकही जमला नाही. शेवटी न्हाणीघरातल्या फळीवर मुलतानी मातीचा डबा दिसला. आईचा. ती तोंडाला लावायची. मलमलीच्या फडक्यातून दोनदा चाळली, कोरड्या ब्रशनं चाकांवर आणि बाजूच्या पत्र्यांवर झटकली, आणि जास्तीची फुंकून टाकली. रंग अचूक जुळला. खोलीभर आईच्या रविवारच्या सकाळीचा वास पसरला. अण्णांनी चष्मा काढून पुसला. मी ब्रश धुवायला आत गेले.

काल बघते तर डाव्या बाजूचा ट्रॅक सुटलेला. या खोक्यातले ट्रॅक लवचिक पट्टीचे असतात. एका टोकाच्या खुंट्या दुसऱ्या टोकाच्या भोकांत घालून वरून तापल्या लोखंडानं दाबायच्या, म्हणजे त्या वितळून फुलतात आणि सांधा धरतो. मी घाईत दाबला होता, तीन आठवडे ताण बसून तो उसवला. मेणबत्ती लावली. पेन्सिल ठेवतो त्या मगातून तेच दाभण काढलं, या वेळी नेढ्याकडचं चपटं बूड ज्योतीवर धरलं. अण्णा खुर्ची ओढून जवळ आले, चिमट्यानं पट्टीची दोन्ही टोकं एकावर एक जुळवून धरली. त्यांचा हात हल्ली थोडा थरथरतो, पण चिमटा हलला नाही. "आधी नुसतं टेकवून बघ," ते म्हणाले. टेकवलं. टोकं नीट एकमेकांवर होती. "हं. आता दाब."